रोजचं ध्यान, धावपळ आणि खाडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी, स्वयंपाक, मुलांची शाळा, पालिकेचं पाणी आणि लोकल यांच्या मधून ज्यांना रोज थोडा वेळ ध्यानाला बसायचं आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. पद्धत साधी घेतली आहे: श्वासाकडे लक्ष ठेवणं, म्हणजेच आनापान. तुम्ही दुसरी पद्धत शिकला असाल तर ती सोडू नका. सवय लावण्याबद्दलची उत्तरं तुम्हालाही तशीच लागू पडतील.

रोज किती वेळ बसायचं?

दोन आकडे ठरवा. एक नेहमीचा आणि एक किमान. नवशिक्याने नेहमीचा १० मिनिटं ठेवावा आणि किमान २ मिनिटं. पाहुणे आलेत, ताप आहे, रात्री एकला घरी पोहोचलात, अशा दिवशी किमान आकडा वापरायचा, आणि तो दिवस पूर्ण भरलेला दिवस म्हणूनच धरायचा.

बहुतेकांची सवय मोडते ती आळसामुळे नव्हे, सुरुवातीच्या उत्साहात ठरवलेल्या आकड्यामुळे. पहिल्या रविवारी निवांतपणे ४० मिनिटं बसणं होतं. बुधवारी सव्वासातची बस असते. ४० शक्य नसतात, आणि २० म्हणजे 'अर्धवट' वाटतात, म्हणून शून्य होतं. दोन मिनिटांना तसं काही वाटत नाही. ती हास्यास्पद वाटावीत इतकी लहान आहेत, तोच त्यांचा उपयोग.

सकाळी पाचला उठायलाच हवं का?

नाही. रात्री बाराला झोपून पाचला उठलात तर तुम्ही ध्यान करणार नाही, बसल्या बसल्या पेंगणार. पहाटेची वेळ चांगली मानतात त्याची कारणं सरळ आहेत: आवाज कमी, पोट रिकामं, फोन गप्प. हीच तीन कारणं दिवसात दुसरीकडे कुठे जुळत असतील तर तिथे बसा.

मग दिवसात नेमकं कुठे बसवायचं? वेळच मिळत नाही.

घड्याळातली वेळ ठरवू नका, दिवसातलं एक काम ठरवा आणि त्याला ध्यान चिकटवा. 'रोज ६ वाजून १० मिनिटांनी' हे एकदा ६:२५ झालं की 'आता उशीर झाला' म्हणून गळतं. 'दात घासले की' हे सहाला झालं काय आणि साडेसातला झालं काय, जागचं हलत नाही.

काम निवडताना तीन गोष्टी तपासा. ते रविवारीही होतं का? ते झाल्यावर तुम्ही एकटे असता का? आणि त्याच्यानंतर हात आपोआप फोनकडे जातो का? सकाळचा चहा तिसऱ्या कसोटीला नापास होतो. शिवाय चहाला घरातली सगळी जमतात.

घराघरांत टिकणाऱ्या काही जागा:

कुकर. डाळ-भाताच्या शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, की वाफ जिरायला साधारण दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ झाकण उघडता येत नाही, म्हणजे हा वेळ आधीच तुमचा आहे, फक्त आजवर तो ओटा पुसण्यात जात होता. पण गॅस बंद करूनच बसा. कुकर शेगडीवर असताना बसलात तर कान शिट्ट्या मोजत राहतात.

गिझर. पंधरा लिटरच्या टाकीचा गिझर तापायला बहुतेक घरांत दहा-पंधरा मिनिटं घेतो. बटण दाबलं की बसायचं. ज्यांच्याकडे लगेच गरम पाणी देणारा छोटा गिझर आहे त्यांना ही सोय नाही.

गाडी. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, इंजिन बंद केलं, पट्टा सोडला, की उतरण्याआधी पाच मिनिटं. संध्याकाळी घराच्या खालीही हेच करता येतं. दिवसभराचं ऑफिस घरात न नेण्यासाठी ही जागा फार उपयोगी आहे. काच बोटभर उघडी ठेवा.

मुलांची शाळेची व्हॅन गेल्यावर. घरात परतलात की आधी सोफ्यावर बसू नका. सोफ्यावर बसलं की फोन येतोच हातात. थेट बसायच्या जागी जा.

'झोपण्यापूर्वी' ही जागा जवळजवळ सगळे निवडतात आणि जवळजवळ सगळे सोडतात. त्या वेळी उरलेली ताकद शून्य असते आणि अंथरूण समोर असतं.

बसल्यावर नेमकं काय करायचं?

१. टाइमर लावा, फोन विमान मोडवर टाका आणि पालथा ठेवा. हाताच्या अंतरावर नको, उठून जावं लागेल इतका लांब.

२. बसा. पाठीचा कणा ताठ, पण ताणलेला नको. खांदे एकदा कानांपर्यंत उचला आणि सोडून द्या. जबडा सैल, जीभ टाळूला सहज टेकलेली. हात मांड्यांवर.

३. डोळे मिटा, किंवा समोरच्या जमिनीवर दोन-तीन हातांवर नजर सोडून अर्धवट उघडे ठेवा.

४. श्वास कुठे सर्वांत स्पष्ट कळतो ते शोधा. नाकपुड्यांच्या कडेला, वरच्या ओठाच्या वर, किंवा पोटाच्या हालचालीत. एक जागा निवडा आणि त्या बैठकीत ती बदलू नका.

५. श्वास आहे तसा येऊ द्या. लांब करायचा नाही, खोल करायचा नाही. फक्त आत आला, बाहेर गेला, हे कळत राहू द्या.

६. पहिले काही आठवडे मोजा. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, एक ते दहा, मग पुन्हा एक. मोजणी चुकली किंवा अठरापर्यंत गेलात, की परत एक.

७. टाइमर वाजल्यावर लगेच उठू नका. डोळे उघडा, दोन श्वास घ्या, मग हात-पाय हलवा.

एवढंच. यात कुठलीही गुप्त पायरी राहिलेली नाही.

मन एक मिनिटसुद्धा टिकत नाही. मला ध्यान जमत नाही असं समजू का?

'विचारशून्य अवस्था' या शब्दाने नवशिक्यांचं फार नुकसान केलं आहे. माणूस बसतो, विचार थांबत नाहीत, आणि तो ठरवतो की आपल्याला हे जमणारं नाही. विचार थांबवणं हे काम तुम्हाला कोणी दिलेलंच नाही. काम वेगळं आहे. मन श्वासावरून सुटलं, ते विजेच्या बिलावर गेलं, मग वायरमनवर, मग त्याच्या उरलेल्या पैशांवर. आणि मध्येच कधीतरी तुमच्या लक्षात आलं की आपण श्वासावर नाही. ते लक्षात येणं आणि न चिडता परत येणं, हा एक फेरा. दहा मिनिटांत असे तीस फेरे झाले तर तीस वेळा सराव झाला. ती बैठक वाया गेलेली नाही.

चिडून परत आलात तर मात्र दुहेरी काम होतं: आधी बिल होतं, आता स्वतःवरचा राग आहे. परत येताना मनातल्या मनात 'विचार' एवढा एकच शब्द म्हणा आणि पुढचा श्वास पकडा.

एखादी खरोखर महत्त्वाची गोष्ट आठवली, जसं की आज वीजबिलाची शेवटची तारीख, तर शेजारी कागद-पेन्सिल ठेवा. दोन शब्द लिहा आणि परत बसा. न लिहिता 'लक्षात ठेवू' म्हटलं तर उरलेली बैठक ते लक्षात ठेवण्यातच जाते. पण एका बैठकीत एकदाच. नाहीतर किराण्याची यादी तयार होते.

मांडी घालून बसता येत नाही. खुर्ची चालेल?

चालेल. पातंजल योगसूत्रांत आसनाची व्याख्या तीन शब्दांत आहे, 'स्थिर, सुख, आसन', आणि त्यात मांडीचं नाव नाही.

खुर्चीवर बसताना पाठ टेकू नका, किंवा फक्त कमरेपाशी एक छोटी उशी लावा. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. उंची कमी असेल तर पायांखाली पाट घ्या. डायनिंग टेबलची लाकडी खुर्ची उत्तम. ऑफिसची चाकांची खुर्ची आणि सोफा, दोन्ही वाईट. चाकांची खुर्ची सतत थोडी सरकते, आणि सोफ्यात कंबर खचते.

जमिनीवर बसणार असाल तर मुख्य चूक एकच असते: बूड जमिनीच्या पातळीत ठेवणं. त्यामुळे ओटीपोटाचं हाड मागे कलतं, कंबर गोल होते आणि पाच मिनिटांत पाठ भरून येते. दोष पाठीचा नसतो. सोलापुरी चादर घ्या, घट्ट घडी घाला, घडी चार ते सहा बोटं उंच झाली पाहिजे. एक चादर पुरली नाही तर दोन. घडीच्या मध्यावर बसू नका, पुढच्या कडेवर बसा, म्हणजे मांड्या खाली उतरत्या राहतील. आता गुडघे बघा. दोन्ही जमिनीला टेकले तर उंची बरोबर आहे. एक गुडघा हवेत असेल तर आणखी एक घडी वाढवा, किंवा त्या गुडघ्याखाली टॉवेल सारा. मऊ उशी चालत नाही; ती बसताना उंच वाटते आणि सातव्या मिनिटाला सपाट झालेली असते.

पायाला मुंग्या येतात.

मांडीच्या मागच्या बाजूला आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला नसेवर दाब पडतो, म्हणून. घडी उंच केली आणि पाय एकमेकांवर न ठेवता पुढे-मागे जमिनीवर ठेवले की बराच फरक पडतो. उठल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत मुंग्या जात असतील तर काळजीचं कारण नाही. मात्र पाय बधिर असताना ताडकन उभे राहू नका. घोटा वळून पडायला होतं.

गुडघ्यात टोचणारी कळ आली तर ती वेगळी गोष्ट. तिथे सोसायचं नाही. खुर्ची घ्या. बधिरपणा तासभर राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

बसलं की झोप येते.

बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की झोप कमी पडते आहे. आधी रात्री अर्धा तास लवकर झोपून चार दिवस बघा. बौद्ध परंपरेत ध्यानातल्या पाच अडथळ्यांमध्ये या पेंगुळलेपणाला 'थीनमिद्ध' असं स्वतंत्र नाव आहे, तेव्हा तुम्ही पहिले नाही.

झोप पुरी असूनही येत असेल तर: पोटभर जेवणानंतर दीड-दोन तास बसू नका. पलंगावर बसू नका. तोंडावर गार पाणी मारा, दिवा लावा, डोळे अर्धवट उघडे ठेवा. मोजणी उलटी करा, दहाकडून एकाकडे. एवढ्यानेही मान पडत असेल तर उठून चालत करा.

चालत? तेही ध्यानच?

हो, त्याला चंक्रमण म्हणतात. गॅलरीत किंवा पॅसेजमध्ये दहा-पंधरा पावलांची सरळ जागा पुरते. नेहमीपेक्षा थोडं हळू चाला. उचललं, पुढे गेलं, टेकलं, हे प्रत्येक पावलाला तळव्यात जाणवू द्या. टोकाला पोहोचलात की थांबा, एक पूर्ण श्वास, मग वळा. अनवाणी चालल्यास सोपं जातं. दिवसभर खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांना संध्याकाळी हेच जास्त मानवतं. सोसायटीच्या बागेतल्या फेऱ्या मात्र यात धरू नका. तिथे प्रत्येक फेरीला कोणीतरी भेटतं.

लोकलमध्ये बसून केलं तर?

बसायला जागा असेल तर चालतं, आणि कल्याणहून सीएसएमटीकडे फास्ट लोकलने येणाऱ्याकडे रोजचा जवळजवळ तासभर असतो. बॅग मांडीवर, पट्टा मनगटाभोवती एक वेढा, फोन आतल्या खिशात. डोळे अर्धवट उघडे. डब्याचा गलका हाच विषय घ्या: आवाज येतोय, जातोय, एवढंच. श्वासावर टिकून राहायचा हट्ट त्या गर्दीत थकवतो. घड्याळाऐवजी स्टेशनं वापरा, समजा ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत.

चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून, दारात लटकून किंवा उभ्याने करू नका. तिथे लक्ष बाहेरच हवं. दुचाकीवर तर नाहीच.

लोकलची बैठक घरच्या बैठकीला जोड म्हणून धरा, बदली म्हणून नको. मेगाब्लॉकच्या रविवारी आणि घरून काम करायच्या दिवशी ती आपोआप गायब होते.

घरात शांतता नसते. दोन खोल्या, टीव्ही, लहान मुलं.

पूर्ण शांततेची वाट बघणारा कधीच बसत नाही. नळ, मिक्सर, रिक्षा हे आवाज आडवे येत नाहीत. आडवे येतात ते अर्थ असलेले आवाज, म्हणजे बोलणं आणि मालिकेतले संवाद. पंखा एक आकडा वाढवला तरी बोलणं बरंच दबतं.

घरच्यांना 'मी ध्यान करतेय' असं सांगण्यापेक्षा 'दहा मिनिटं मला हाक मारू नका, साडेसातला उठते' असं सांगा. संपण्याची वेळ कळली की लोक थांबतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला टाइमरच दाखवा: हा वाजला की आई बोलेल. पहिले काही दिवस ते मध्ये येईलच. मांडीवर येऊन बसलं तर बसू द्या, बोलू नका. रडलं, पडलं, तर अर्थात उठा. त्या दिवसाची दोन मिनिटं झाली असतील तर दिवस भरला.

फोनशिवाय वेळ कशी मोजायची?

जपमाळ. मंत्र म्हणायलाच हवा असं नाही. दर श्वासाला एक मणी ओढा. शांत बसलेल्या माणसाचे मिनिटाला साधारण बारा ते पंधरा श्वास धरले, तर १०८ मणी सात ते नऊ मिनिटांत होतात. श्वास संथ झाला की दहा-अकरा मिनिटं लागतात. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, बोटाला लागला की बैठक संपली. फोन उचलावाच लागत नाही, हा यातला खरा फायदा, कारण टाइमर बंद करायला फोन हातात घेतला आणि त्यावर सतरा मेसेज दिसले की ध्यानाची सगळी माती.

स्वयंपाकघरातला चावीचा टाइमरही चांगला, पण त्याची टिकटिक काहींना छळते. अ‍ॅप वापरायला हरकत नाही, फक्त त्यातल्या 'सलग इतके दिवस' या आकड्याच्या नादी लागू नका. ४३ चा आकडा एका दिवसाने शून्य झाला की माणूस अ‍ॅपही काढून टाकतो आणि ध्यानही.

मी रोज नामस्मरण करते. वेगळं ध्यान करायला हवं का?

नाही. नाम हाच तुमचा श्वास समजा. फक्त एक प्रामाणिकपणे बघा: हाताने भाजी निवडत आणि तोंडाने नाम घेत असाल तर ते नामस्मरण आहेच, पण त्यातली दहा मिनिटं तरी दुसरं काही न करता, बसून, प्रत्येक नाम ऐकत घ्या. मन सुटलं की नामावर परत. वरची सगळी उत्तरं मग तुम्हालाही लागू.

एक दिवस खाडा पडला. आता?

काही नाही. दूधवाल्याचा खाडा आपण कॅलेंडरवर मांडतो ना, तसाच मांडा. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये बसलेल्या दिवशी बरोबरची खूण आणि न बसलेल्या दिवशी 'खा'. मिनिटं लिहू नका, 'शांत वाटलं' वगैरे शेराही नको. नुसतं बसलो की नाही.

नियम एकच: एक खाडा माफ, त्याला लागून दुसरा नाही. दुसऱ्या दिवशी काहीही झालं तरी किमान दोन मिनिटं. आणि खाडा भरून काढायचा नाही. आज वीस बसलो म्हणजे कालचे दहा जमा झाले, असा हिशेब केला की रविवारी सत्तर मिनिटं बसायची पाळी येते, आणि तो रविवार येत नाही.

महिन्याअखेरीस 'खा' कुठल्या वारांना पडले ते बघा. सगळे सोमवारी असतील तर दोष तुमच्या इच्छाशक्तीचा नाही, सोमवारच्या वेळापत्रकाचा आहे. त्या दिवसापुरती जागा बदला.

एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, ते खरं का?

एकवीस या आकड्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० साली छापून आला. खाणं, पिणं, व्यायाम यांतली एक साधी गोष्ट रोज ठरावीक प्रसंगी करायची, असं त्यात होतं. ती अंगवळणी पडायला मध्यावरच्या माणसाला ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हीदेखील त्यातली नोंद. तो अभ्यास ध्यानावरचा नव्हता, तेव्हा ६६ आकडा पकडून बसू नका. दोन-तीन महिने तरी ढकलावं लागेल एवढं धरून चाला.

रात्रपाळी असते, पाळ्या दर आठवड्याला बदलतात.

तुमच्यासाठी सकाळ-संध्याकाळ हे शब्द निकामी आहेत. ध्यान 'उठल्यावर'ला बांधा, मग उठणं दुपारी दोनला असो की पहाटे चारला. पाळी संपवून घरी आल्या आल्या बसू नका, झोप लागेल. आधी झोप, मग बैठक. पाळी बदलते तो दिवस किमान आकड्याचा, हे आधीच ठरवून टाका.

गणपती, दिवाळी, लग्नसराई, मे महिन्यात गाव. तेव्हा सगळं मोडतं.

मोडणारच, कारण कुकर, गिझर, गाडी यांतलं काहीच तिथे तुमचं नसतं. म्हणून प्रवासासाठी एक वेगळी जागा आधीपासून ठरवा, जी कुठेही सोबत येते: आंघोळ करून कपडे घातल्यावर, त्याच खोलीत, उभ्याने किंवा बसून दोन मिनिटं. चौदा माणसांच्या घरातही त्या क्षणी दार बंद असतं. एसटीत गाडी सुटल्यावर तिकीट काढून झालं की बसा. त्याआधी कंडक्टर हलवणारच.

आंघोळ, पूर्वेकडे तोंड, सोवळं, पाळीचे दिवस यांचे नियम?

श्वासाकडे बघायला यातलं काहीही आवश्यक नाही. पाळीच्या दिवसांत बसायला काहीच अडचण नाही. पोट दुखत असेल तर खुर्ची घ्या किंवा आडवं पडून करा. तुमच्या घरच्या उपासनेचे नियम वेगळे असतील तर ते उपासनेसाठी पाळा. देवघरासमोर बसत असाल तर बंद खोलीत उदबत्ती नको. नाकाशी लक्ष ठेवायचं आणि नाकात धूर, हे जमत नाही.

आधी प्राणायाम करावा का?

तीन-चार मिनिटं अनुलोम-विलोम किंवा भ्रामरी केलीत तर बसणं सोपं जातं. पण दोन्ही मिसळू नका. प्राणायामात श्वास तुम्ही चालवता, आनापानात तो चालतो आणि तुम्ही बघता. प्राणायाम संपल्यावर श्वास आपल्या मूळ गतीला येईपर्यंत मिनिटभर थांबा. वेळ एकालाच पुरणार असेल तर प्राणायाम गाळा, बैठक ठेवा. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी कुंभक (श्वास रोखून धरणं) आणि जोरकस कपालभाती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिर करून आलो. महिनाभरात सगळं सुटलं.

हे इतक्या जणांचं होतं की त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. धम्मगिरी या तिथल्या विपश्यना केंद्रावर १९७६ पासून शिबिरं होतात. तिथे पहाटे चारची घंटा असते, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक, मौन, फोन जमा, जेवण समोर. घरी आल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा असं सांगितलं जातं. तिथे तुम्ही ध्यान शिकलात. ध्यानासाठी दिवसात जागा काढणं शिकला नाहीत, कारण ती जागा दुसऱ्यांनी काढून दिली होती. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

तासाचा आकडा आदर्श म्हणून राहू द्या, पण तो जमत नाही म्हणून शून्यावर येऊ नका. सकाळी वीस मिनिटं पक्की करा, मग संध्याकाळची दहा जोडा. तुमच्या गावात साप्ताहिक सामूहिक साधना होत असेल तर महिन्यातून दोनदा तरी जा. चार माणसं शेजारी बसली की तास कसा गेला कळत नाही. एकदिवसीय शिबिरं जुन्या साधकांसाठीच, म्हणजे तुमच्यासारखं दहा दिवसांचं शिबिर केलेल्यांसाठीच असतात. आणि विपश्यना करत असाल तर तिच्यात इतर पद्धती मिसळू नका, असं तिथेच सांगितलेलं असतं, ते पाळा.

दोन महिने झाले, काहीच वाटत नाही.

बैठकीत काही वाटण्याची वाट बघू नका. प्रकाश, रंग, तरंगल्यासारखं होणं, हे काहींना होतं, काहींना होत नाही, आणि झालं तरी ते प्रगतीचं माप नव्हे. बाहेर बघा. सिग्नलला मागून हॉर्न वाजल्यावर उत्तर द्यायच्या आधी अर्ध्या सेकंदाची फट पडते का? रागाचा मेसेज लिहून तो पाठवण्याआधी वाचला जातो का? तिथे फरक आधी दिसतो, आणि बऱ्याचदा तो घरच्यांना तुमच्याआधी कळतो.

वेळ कधी वाढवायची?

महिन्यात चारपेक्षा कमी खाडे पडले तर पुढच्या महिन्यात पाच मिनिटं वाढवा. जास्त पडले तर आहे तिथेच राहा. वीस मिनिटांवर बहुतेक संसारी माणसांचा आकडा स्थिरावतो आणि तिथे तो वर्षानुवर्षं राहिला तरी काही बिघडत नाही. किमान आकडा मात्र कधीच वाढवू नका. तो दोनच.

बसल्यावर भीती वाटते, छाती भरून येते, रडू येतं.

थोडं रडू येणं नेहमीचं आहे. दिवसभर जे कामाखाली दाबलेलं असतं ते स्वस्थ बसल्यावर वर येतं. पण श्वासाकडे बघितल्यानेच घुसमट होत असेल तर श्वास सोडा. डोळे उघडा, तळव्यांखालची फरशी जाणवू द्या, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. पुढचे दिवस बसण्याऐवजी चालण्याचं ध्यान करा आणि वेळ पाच मिनिटांवर आणा.

जुने आघात डोळ्यांसमोर येत राहिले, झोप उडाली, आवाज ऐकू येऊ लागले किंवा आपण आपल्यात नाही असं दिवसभर वाटत राहिलं, तर ध्यान थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. आधीपासून मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर ध्यान सुरू करताना डॉक्टरांना सांगा, आणि ध्यानाने बरं वाटतंय म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. लांबच्या निवासी शिबिरांना जाण्याआधी तर हे विचारलंच पाहिजे.

सहा महिने पूर्ण सुटलं होतं. पुन्हा सुरुवात कुठून?

जिथे सोडलं तिथून नाही. आधी वीस मिनिटं बसत असाल तरी आता दहाच, आणि पहिला आठवडा दोन मिनिटांचाच ठेवला तरी चालेल. जागाही तपासा: ज्या कामाला ध्यान बांधलं होतं ते काम अजून रोज होतं का? मुलगी कॉलेजात गेली, व्हॅन बंद झाली. ऑफिस बदललं, पार्किंग गेलं. सुटण्याचं कारण बहुधा तिथेच सापडतं. नवं काम शोधा, रात्री चादरीची घडी त्या जागी काढून ठेवा आणि कॅलेंडरवर उद्याच्या तारखेपासून खुणा सुरू करा. मधल्या सहा महिन्यांच्या चौकटींत 'खा' लिहीत बसू नका.